आमची हरकत नोंदवून घ्या

गावाचा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता. तरी तो सगळ्यांना पाठ होता. पांढरीत घरं, काळीत शेतं. मधोमध पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी. त्यांच्या बाजूनं कुणब्यांच्या, माळ्यांच्या, सोनार-सुतारांच्या आळ्या. मग गावकूस. गावकुसाबाहेर आपण. बहुतेक गावांत पूर्वेच्या अंगाला, वाहत्या पाण्याच्या खालच्या बाजूला. म्हंजे आपल्या अंगावरचा वारा गावावर जायला नको आणि गावाचं वापरून झालेलं पाणी आपल्याकडं यावं. मेलेलं ढोर ओढून न्यायची वाट वेगळी, पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा. इतकी काटेकोर आखणी आजच्या कुठल्या इंजिनिअरला जमायची नाही. या नकाशावर हरकत घ्यायला मुदत नव्हती. हरकत घेणाऱ्याचं काय करायचं ते मात्र आधीच ठरलेलं होतं.

दोस्तांनो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत सायडर आहे. पाळीपाळीनं तुटलेले धागे सांधतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय वाचलं ते रातपाळी करून आल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तिथंच एक प्रश्न डोक्यात बसला. आपण चळवळीत जमिनीवर बोलतो, नोकऱ्यांवर बोलतो, शिष्यवृत्तीवर, अत्याचारावर बोलतो. शहराच्या नकाशावर बोलत नाही. ते काम इंजिनिअरचं, साहेबांचं, असं धरून चालतो. आणि आपली वस्ती कुठं राहणार, तिला नळ कुठून येणार, कचरा कुणाच्या दारात पडणार, रस्ता कुणाच्या चुलीवरून जाणार, हे सगळं त्या नकाशावर ठरतं. तेव्हा नकाशा ठरवताना कुणाला विचारलं गेलं आणि कुणाला नाही, याचा इतिहास आपण वाचला पाहिजे. तो मी इथं थोडक्यात मांडतो.

*

आपल्या जिल्ह्याचं शहर घ्या. १४९० साली मलिक अहमद निजामशहानं सीना नदीच्या काठी ते वसवलं. कापूरवाडी, भिंगार या बाजूंनी जमिनीखालून खापरी नळ घालून महालांना, बागांना, पेठांना पाणी आणलं. त्या काळी ही मोठीच करामत. नळ कुठून न्यायचा हे ज्यानं ठरवलं त्यानंच शहर कुणाचं हेही ठरवलं. पण ते राजाचं राज्य. रयतेला विचारायची तिथं रीतच नव्हती.

विचारायची रीत आली इंग्रजांच्या अमलात. १८५० साली सरकारनं सव्विसाव्या क्रमांकाचा कायदा केला. त्यात असं होतं की शहरातल्या रहिवाशांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटली, तरच तिथं नगरपालिका स्थापन करायची. म्हंजे कागदावर लोकांची इच्छा आधी, पालिका मागून. या कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या नगरपालिका निघाल्या त्यांत नगरची नगरपालिका आहे, १८५४ सालची. आपल्या शहराला या गोष्टीचा अभिमान आहे. असावा.

पण मी त्या ‘रहिवासी’ शब्दापाशी अडतो. कोण होते हे रहिवासी? पालिकेचा कारभार पाहायला सरकारनं नेमलेले अंमलदार आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी. महारवाड्यात, मांगवाड्यात, मेहतरांच्या वस्तीत कुणी विचारायला गेलं असेल असं तुम्हाला वाटतं? आपल्याच जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशननं १८३१ पासून ठाण मांडलं होतं, त्यांच्या शाळांत महारा-मांगांची पोरं अक्षर गिरवायला लागली होती. लिहिता येणारा एखादा तरी सापडला असता. पण रहिवासी म्हणून त्याची गणना नव्हती. नगरपालिकेत आपला शिरकाव झाला तो हातात झाडू घेऊन, डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन. सभागृहाच्या दारातून नव्हे.

पुढं १८८२ साली लॉर्ड रिपनचा ठराव आला. स्थानिक स्वराज्य आलं म्हणून आजही पुस्तकांत त्याचा गौरव होतो. १८८४ च्या कायद्यानं निवडणुका आल्या. पण मत कुणाला? कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. ज्याचं घरच गावकुसाबाहेर, दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याची मालमत्ता कोणती? म्हंजे रहिवासी होण्याआधी मालक व्हावं लागत होतं. ही गाठ लक्षात ठेवा. ती पुढं पुन्हापुन्हा लागते.

*

आपल्या जिल्ह्यातली माणसं दुष्काळात, पोटामागं मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागली. १८९६ साली तिथं प्लेग आला. सरकारला एकदम जाग आली की गरिबांच्या चाळी घाणीच्या आहेत. १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट नेमला. त्यानं दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. पाडलं जास्त, बांधलं कमी. आता त्या ट्रस्टवर कोण होतं बघा. सरकारची माणसं, महापालिकेची माणसं, व्यापाऱ्यांच्या चेंबरचा प्रतिनिधी, पोर्ट ट्रस्टचा प्रतिनिधी, आणि गिरणीमालकांच्या संघाचा प्रतिनिधी. गिरणीमालकाला खुर्ची होती. गिरणीत खपणाऱ्याला, ज्याचं घर पाडायचं होतं त्याला, खुर्ची नव्हती.

त्याच ट्रस्टनं बांधलेल्या परळच्या पोयबावडीतल्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेब राहिले. एक नंबरची चाळ, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९३४ मध्ये दादरला राजगृहात जाईपर्यंत. परदेशातून डिग्र्या घेऊन आलेला माणूस, ज्यांनी लाखोंचा नकाशा बदलला, ते राहत होते कामगारांना न विचारता कामगारांसाठी आखलेल्या खोलीत. नगररचना म्हंजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

*

आता महाडकडं या. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. पण त्याच्यामागं एक नगरपालिका आहे, तिचे ठराव आहेत, हे आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सार्वजनिक पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तो मान्य करून तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं त्या पाण्याला आपल्यातल्या कुणाचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तेव्हा त्या ठरावात जीव आला.

मग गावानं काय केलं? डोकी फोडली हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर जे झालं ते आपल्या विषयाला धरून आहे. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. डिसेंबरात काही सवर्ण कोर्टात गेले, तळं खासगी आहे म्हणाले. लढा दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला.

यातनं मी दोन गोष्टी शिकलो. ठराव असून पाऊल नसेल तर ठराव मेलेला. आणि नुसतं पाऊल टाकून चालत नाही, कारण विरोधक रात्रीत ठराव फिरवतो. बाबासाहेबांनी दोन्ही केलं. तळ्यावर गेले आणि कोर्टातही गेले. जो कार्यकर्ता म्हणतो, ‘अर्जबिर्ज लिहिणं बाबूगिरी आहे, आपण रस्त्यावरची माणसं’, त्यानं महाडचा सगळा इतिहास वाचावा. बाबासाहेबांच्याही आधी, १९०३ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला महारांची सभा भरवून सरकारला अर्ज केला होता. अर्ज ही आपली जुनी रीत आहे.

आणखी एक गोष्ट आपण फार कमी बोलतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत ठराव झाला की आपल्याला हिंदू गावांपासून वेगळी, स्वतंत्र गावं पाहिजेत. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी तीच मागणी घटनेच्या भाषेत मांडली. सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन एका वसाहत आयोगाकडं द्या, त्यानं तिथं आपली गावं वसवावीत, केंद्र सरकारनं त्यासाठी दरसाल ५ कोटी रुपये बाजूला काढावेत. नीट बघा, ही काय मागणी आहे? ही नगररचनेची मागणी आहे. नकाशावरचं आपलं ठिकाण आपण ठरवणार, असं म्हणणारी. ती मान्य झाली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावगाड्याची जी खरडपट्टी काढली, तिच्यामागं हे सगळं आहे. गाव म्हंजे लोकशाहीचा पाळणा असं म्हणणाऱ्यांना त्यांनी गावाचा खरा नकाशा दाखवला.

*

स्वातंत्र्यानंतर प्रत्येकाला मत मिळालं. मालक असो नसो. मग शहरांच्या आराखड्याचा कायदा आला, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. या कायद्यात दोन शब्द आहेत, ते मी वाचनालयात पहिल्यांदा वाचले तेव्हा चार वेळा वाचले. कलम २८ म्हणतं की ‘कोणत्याही व्यक्तीनं’ लेखी सूचना किंवा हरकत दिली तर ती विचारात घ्यावी लागेल. कोणतीही व्यक्ती. मालक म्हटलेलं नाही. करदाता म्हटलेलं नाही. सातबारा मागितलेला नाही. १८५० च्या कायद्यातला तो ‘रहिवासी’ आणि १९६६ च्या कायद्यातली ही ‘कोणतीही व्यक्ती’. मधे ११६ वर्षं आहेत, महाड आहे, घटना आहे.

आता हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण ते माहीत नसलं की हे दोन शब्द नुसते पुस्तकात राहतात. पालिका आधी शहराची पाहणी करते आणि आज कुठली जमीन कशाला वापरली जाते याचा नकाशा बनवते. त्यावरून विकास आराखड्याचा मसुदा होतो. कलम २६ प्रमाणे त्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते. नकाशा लोकांना पाहायला ठेवावा लागतो, वाजवी किमतीत त्याची प्रत द्यावी लागते. तिथून ३० दिवस हरकतीची मुदत. मग नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि जास्तीत जास्त चार जाणकार. ज्यानं ज्यानं लेखी हरकत घेतली त्याला या समितीपुढं बोलायची संधी द्यावी लागते. समिती अहवाल देते, पालिका फेरबदल करते, शेवटचा शिक्का राज्य सरकारचा. असा आराखडा वीस वर्षांत एकदा तरी नव्यानं करावा लागतो. म्हंजे वीस वर्षांच्या भवितव्यावर बोलायला तीस दिवस. थोडे आहेत. पण आपल्या आज्याला एक दिवसही नव्हता.

नकाशावर आणखी एक शब्द भेटतो: आरक्षण. आपल्या आरक्षणाचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. नकाशावर जागांना आरक्षण असतं. शाळेला, बागेला, दवाखान्याला, बाजाराला, गरिबांच्या घरांना. हे आरक्षण मोडायला टपलेलीही माणसं असतात. कलम १२७ असं आहे की आरक्षण पडल्यापासून दहा वर्षांत पालिकेनं जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द, जागा मोकळी. शाळेची जागा गेली हे वस्तीला कळतं तेव्हा तिथं कॉम्प्लेक्सचा पाया खणून झालेला असतो. जमीनवाला वकील लावून कलमं मोजत बसतो. आपली पोरं अजून शाळेला लांब चालत जातात.

*

आमच्या गिरणीवाल्यांच्या वाट्याला जे आलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या घरात कामगार. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण तीन वाटे करा: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे, बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हंजे बहुतेक बांधकामच. शेड, गोदाम, चिमणी. तेव्हा वाट्याला येणार काय? २००५ साली मुंबई हायकोर्टानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. नियमातले थोडे शब्द हलले आणि शेकडो एकर हलले. ज्यांनी त्या शेडमध्ये फुप्फुसात कापूस भरून घेतला, त्यांनी मोर्चे काढून काढून घरांचा हक्क मागितला. त्यांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली. तोवर किती म्हातारे गेले ते त्यांच्या घरचेच जाणे.

फुटपाथवरच्या माणसांचंही तेच. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत त्यांना हुसकायला सुरुवात झाली. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, आणि हटवण्याआधी नोटीस द्या, म्हणणं ऐका. ऐका म्हणालं, हटवू नका म्हणालं नाही. ऐकून घेणं आणि मानणं यांतला फरक तिथं दिसतो.

मग हरकत घेऊन उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. उपयोग होतो तेही बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा काढला. असलेल्या इमारतींवरून रस्ते, असलेली ठिकाणं गायब, चुकाच चुका. साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. त्यात बंगलेवाले होते तसे वस्त्यांतले लोकही होते. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या नावानं संघटना एकत्र आल्या होत्या, वस्त्यावस्त्यांत नकाशा पसरून लोकांना वाचायला शिकवत होत्या. एप्रिलमध्ये सरकारनं तो मसुदा बाजूला ठेवला. नवा मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली ऐंशी हजारांवर हरकती पडल्या होत्या. म्हंजे कागदाचा ढीग पुरेसा उंच झाला की साहेबाला पलीकडचं दिसेनासं होतं. मुंबईत सगळं गरिबांच्या मनासारखं झालं असं मी म्हणत नाही. पण मसुदा मागं गेला, हे झालं.

*

आता जवळचं सांगतो. जिल्ह्यातल्या एका गावात माझी आत्या राहते. गाव म्हंजे आता शहरच. नवरा वारला तेव्हापासून तिथंच धुणीभांडी करून तिनं तीन पोरं वाढवली. तिथल्या आराखड्याचा मसुदा निघाला. जाहिरात आली ती वस्तीत कुणीच घेत नाही अशा पेपरात. कळलं तेव्हा मुदतीचे अकरा दिवस उरलेले. मी सुट्टी टाकून कचेरीत गेलो. नकाशा भिंतीवर नव्हता, कपाटात गुंडाळून होता. तिथले भाऊसाहेब म्हणाले, ‘तुमची जागा कुठल्या सर्व्हे नंबरात येते?’ मी म्हणालो, ‘जागा नाही, वस्ती आहे.’ ‘मग तुम्हाला नकाशा कशाला पाहिजे?’

बघा, १८८४ ची गाठ. मालक नाही तर रहिवासी नाही. मी कलम सांगितलं, कोणतीही व्यक्ती म्हणालो. भाऊसाहेबांनी कपाट उघडलं. नकाशावर पिवळा रंग रहिवासाचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागांचा. आपला निळा तिथं व्यापाराचा. आत्याची वस्ती शोधायला मला अर्धा तास लागला. कारण वस्ती दाखवलेलीच नव्हती. चाळीस वर्षांची वस्ती, बुद्धविहार, बालवाडी, दोन हातपंप. नकाशात नुसती कोरी जागा आणि तिच्यातनं गेलेली तुटक रेघ. नवा रस्ता.

मी घरी येऊन सांगितलं. आत्या भाकरी थापत होती. म्हणाली, ‘रस्त्याला आमची ना न्हाई रं बाबा. पर आमी हितं हाय, हे तरी त्यान्ला दिसू दे की.’

वस्तीतल्या पोरापोरींनी मिळून हरकती लिहिल्या. प्रत्येक घराची वेगळी. घरात माणसं किती, कधीपासून राहतात, लाइटबिल, रेशनकार्ड, पोरांची शाळा कुठली. विहारापासून हातपंपापर्यंत पावलं टाकून पोरांनी स्वतःच नकाशा काढला, वहीच्या जोडपानावर. रस्ता ओढ्याच्या पलीकडून कसा जाऊ शकतो तेही दाखवलं. पोचपावत्या आत्याच्या ट्रंकेत आहेत. सुनावणीचं बोलावणं अजून आलेलं नाही. येईल तेव्हा सगळी वस्ती जाणार आहे.

*

असं का घडतं याचाही विचार केला पाहिजे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, कारण ती जागा कुणाला नको होती. मग गाव वाढलं. बायपास आला, कॉलन्या आल्या, एम. आय. डी. सी. आली. कुसाबाहेरची जागा शहराच्या मधोमध आली. जी जागा शंभर वर्षं विटाळाची होती तिला आता फुटावर भाव आहे. वतनाच्या जमिनींचंही तसंच. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरेगावला वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेब वतनी जमिनींवरच्या जुडीच्या प्रश्नावर बोलले होते. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. ज्यांच्याकडं तुकडा उरला त्यांच्या बांधाला आता शहर येऊन टेकलंय. तेव्हा विटाळानं बाहेर काढलं, आता किमतीनं काढतील. दोन्ही वेळा नकाशाच वापरतील.

नावं बदलतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचं ठरवलं. चांगलं केलं. २०२४ मध्ये शहराचं नि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पण पाटी बदलली तरी गटार तिथंच आहे का, नळाला पाणी किती वेळ येतं, हे विचारायचं राहतंच.

आपल्या जिल्ह्यात लोकसहभागाचं नाव निघालं की हिवरे बाजार पुढं येतं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेत ठरवून पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसासारख्या पाणीखाऊ पिकांना बंदी, दरसाल पाण्याचा ताळेबंद. दुष्काळी गाव सावरलं. माणसं एकत्र बसून ठरवतात तेव्हा काय होतं याचा तो पुरावा आहे, तो नाकारण्यात शहाणपण नाही. मला विचारायचंय ते सगळ्याच ग्रामसभांबद्दल. सभेत हात वर करून मत घेतात. ज्याच्या रानात उद्या मजुरीला जायचंय त्याच्यासमोर तो हात मोकळेपणी वर जातो का? ६ ऑक्टोबर १९३२ ला ग्रामपंचायत बिलावर बोलताना बाबासाहेबांनी आपल्यासाठी राखीव प्रतिनिधित्व मागितलं ते याच भीतीपोटी. सोनई २०१३, खर्डा २०१४, जवखेडे २०१४. या जिल्ह्यात ही नावं घेतल्यावर मोकळ्या हाताची गोष्ट कुणाला जास्त समजावावी लागू नये.

शहरात सभा तरी कुठं भरते? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांत आपल्या राखीव जागा आल्या, तीन लाखांवर वस्तीच्या शहराला वॉर्ड समित्या आल्या. २०११ च्या जनगणनेत नगर साडेतीन लाखांचं होतं. २००९ साली राज्यानं कायद्यात क्षेत्रसभा आणली, म्हंजे शहरातली ग्रामसभाच. तुमच्या वॉर्डात ती भरलेली तुम्ही पाहिलीय? नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, किती झाल्या, इतिवृत्त द्या. आपल्या राखीव जागेवरून निवडून गेलेल्या नगरसेवकाला विचारा, नियोजन समितीत तू काय बोललास. जयंतीच्या वर्गणीपेक्षा हा हिशेब मोठा आहे.

*

तेव्हा काम सांगतो. आपल्या गावाचा आराखडा कधीचा, पुढचा कधी, हे शोधून काढा. मसुद्याची वाट बघू नका. आज जमीन कशी वापरली जाते त्याची पाहणी चालू असते, तेव्हाच वस्ती नोंदली जाते की नाही ते बघा. नंतर कोऱ्या जागेवर रेघ ओढायला कुणाला काही वाटत नाही. आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढून ठेवा. कचेरीत मराठीतच माहिती मागा, राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. हरकत सगळ्यांची मिळून एक देऊ नका, घरागणिक द्या. बायांच्या सहीनं द्या, पाण्याची वाट त्यांना ठाऊक असते. नुसतं ‘नको’ लिहू नका, काय पाहिजे तेही लिहा. पोचपावती घ्या. सुनावणीला एकट्यादुकट्यानं जाऊ नका.

अर्जाला भारी भाषा लागत नाही. वर गावाचं नाव, तारीख. खाली एवढं लिहिलं तरी चालतं: ‘मी इथं राहतो. माझी वस्ती तुमच्या नकाशात नाही. कलम २८ प्रमाणे माझी हरकत आहे. ती नोंदवून घ्या आणि मला समक्ष बोलायला बोलवा.’ खाली सही. सही येत नसेल तर अंगठा, आणि पुढच्या महिन्यापर्यंत सही शिकवायची जबाबदारी तुमची.

जय भीम.